पायाळूची कंबर

२१ जानेवारी २००७, रविवार

लोकाइच्या कंबरा बऱ्या करणारीचीच कंबर गेली. हसा बाप्पा, सारे हसा. मीही हसली असती, पण हसलं तरी कळ येते.

मी पायाळू. म्हणजे मायच्या पोटातून डोक्याने नाई, पायाने आली. आमच्या झाडीपट्टीत कोणाच्या कंबरेत चमक भरली का त्याले पायाळूकडे धाडतात. पायाळूने दुखत्या जागी उजवा पाय तीनदा लावला का चमक जाते. मी फ्रॉक घालत होती तवापासून दर रविवारी माणसं माझ्या आंगणात पालथी पडून राह्यली आहेत. पैसा घ्यायचा नाई. आन एक नेम पक्का, पाय लागेस्तोवर दोघांनीही तोंडातून शब्द काढायचा नाई. दुखणाऱ्याने नुसतं 'माय वं' म्हणलं तरी दुखणं वापस येते. अंगणवाडीची बाई म्हणून गाव मले कामापुरतं ओळखते, मान आहे तो या पायाचा. खोटं काऊन बोलू?

तं आज सकाळी सुकलूभाऊ आला. माझ्या नवऱ्यासंगं, इस्तारीसंगं, तलावावर जाळं टाकते तो. पालथा पडला. एकदा पाय लावला. दुसऱ्यांदा उचलला आन माझ्याच कंबरेत कडकन काईतरी झालं. मी धाडकन सुकलूच्या पाठीवर. नेम म्हणून तोही बोलला नाई, मीही बोलली नाई. दोघंही एकावर एक, गुपचूप! शेवटी इस्तारीने मले उचलून आत नेलं. सुकलू उठला, इकडे वाकला, तिकडे वाकला, म्हणते, "बाई, मले तं एकदम मोकळं वाटून राह्यलं!"

त्याचं भलं होवो. मेल्याचं.

२६ जानेवारी

झेंड्याले गेली नाई. पोराइचं गाणं घरातूनच ऐकलं. माझी मदतनीस जया सांभाळून राह्यली आहे अंगणवाडी, पण तिचा आवाज पोराइले पुरत नाई.

कळ कंबरेतून निघते आन मांडीच्या मागून थेट आंगठ्यापर्यंत जाते. आतून कोणी मिरची चोळलेली दोरी ओढावी तशी. बसवत नाई, झोपवत नाई. न्हाणीत जायचं तरी इस्तारीने पाठीवर घेऊन न्यायचं आन पाठीवर घेऊन आणायचं. घरात आम्ही दोघंच, दुसरं कोण नेईल?

पण हा माणूसही काय आहे! चार दिवस झाले, तलावावर गेला नाई. भिंतीले पाठ लावून खांबावानी बसून राह्यते. उठायचं तं चौकट धरून उठते, म्हाताऱ्यावानी. मी म्हणलं, "जाळं काऊन नाई टाकत?" म्हणे, "टाकीन." "सारं सुकलूच्या भरवशावर सोडलं का?" म्हणे, "हाव." झालं बोलणं. दिवसाची दहा वाक्यं बोलला तं आमच्या घरी दिवाळी. बायको पडली का नवऱ्यालेही सुट्टी लागते वाटते.

३० जानेवारी

सुकलू शेजारच्या गावातून डोमाबुढ्याले घेऊन आला. तोही पायाळू. मोठ्या मनाने आला बिचारा, पण बुढ्याचा पाय म्हणजे कपडे धोपटायची मोगरी! तीनदा लावला. मी दात आवळले, डोळ्यातून पाणी गेलं, पण तोंडातून हूं का चूं काढलं नाई. नेम तो नेम. संध्याकाळी दुखणं दुप्पट झालं.

पडल्या पडल्या मनात आलं, माझ्या आंगणातून घरी गेलेल्या माणसाइलेही असंच होत असेल काय? मले हा विचार आवडला नाई.

५ फेब्रुवारी

आज जे झालं ते कोणालेच सांगतलं नाई, इथीच लिहिते. भिंत धरून दारापर्यंत गेली तं उजव्या पायातली चप्पल मागंच राह्यली. पुन्हा घातली, पुन्हा निसटली. खाली पाह्यलं. पायाले म्हणलं, उचल. पंजा उचललाच नाई. आंगठा मेलेल्या माश्यावानी पडून. दुखणं आहे ते आहेच, वरून हे.

पाय गेला तं वजनकाटा घेऊन घरोघरी कोण फिरेल? रविवारी आंगणात कोण येईल? पण खरं सांगू, हे दोन्ही नंतरचं. मले चालायचं आहे. चाळिशीची नाई झाली मी अजून. मले माझ्या पायाने चालायचंच आहे, देवा, दुसरं काई मागत नाई.

६ फेब्रुवारी

बाबूभाई आले. आमच्या तलावाची मच्छी टोकणीत भरून पॅसेंजरने बल्लारपूरच्या बाजारात नेतात ते. खबर घ्यायले आले म्हणून इस्तारीने चहा मांडला. मी आपली भिंतीले धरून उभी.

"प्रेमिलाबाई, एक बात बोलू? गुस्सा नका करू."

"बोला नं."

"दो साल पहले तुमी मले पाय लावला होता. याद हाये?"

"हाव तं. पाच रविवार. बरे झाले तुमी."

"नाई झालो."

ते खाली मान घालून बोलले, "पाच रविवार तुमची लात खाल्ली बाई, आन पाचही बार घरी जाऊन रडलो. घरवाली सलीमा म्हणे, जाऊन सांगा त्याइले. मी म्हणलं, एवढी इज्जतदार बाई, पैसा घेत नाई, तिले कसं सांगू का फरक नाई पडला? म्हणून पाचव्या रविवारी म्हणलं, बरा झालो."

मग त्यांनी पाठ फिरवून सदरा जरासा वर केला. कंबरेच्या बाजूले नखाएवढा डाग. नागपूरले दुर्बिणीतून ऑपरेशन केलं म्हणे. एक टाका. दुसऱ्या दिवशी आपल्या पायाने घरी.

मले असा राग आला! दोन वर्षं हा माणूस माझ्या आंगणातून मच्छी नेऊन राह्यला आन पोटात हे ठेवून! म्हणलं, "चहा पेऊन घ्या आन गाडीची वेळ पाहा." ते उठले. दारात थांबले. माझ्या पायाकडे पाहून हळूच म्हणले, "चप्पल राहून नाई राह्यली तुमच्या पायात. मी पाह्यलं. माझंही तसंच झालं होतं. देर नका करू, बाई."

ते गेल्यावर मी लय रडली. इस्तारी चुलीजवळ कप धरून उभाच होता. म्हणे, "कवापासून?" मी म्हणलं, "कालपासून." म्हणे, "सोमवारी नागपूरले जाऊ." एका दमात एवढं बोलला.

१२ फेब्रुवारी, नागपूर

बाबूभाईने भाच्याची जीप दिली. मागच्या सीटवर गादी टाकून मले आडवं करून आणलं. मी त्याइले चहा पेऊन घ्या म्हणून हाकलत होती! देवमाणूस आहे.

मोठ्या मशीनमध्ये घालून कंबरेचा फोटो काढला. डॉक्टर पोरसवदाच आहेत, चष्मेवाले. फोटो उजेडात धरून दाखवला. दोन मणक्यांच्या मधात गादी असते, तिचा तुकडा फुटून बाहेर आला आन नसेवर बसला. मग माझा पंजा हातात घेऊन म्हणले, "वर उचला." मी जीव लावला. काईच नाई.

म्हणले, "नुसतं दुखणं असतं तर मी थांबलो असतो. दहातल्या नऊ जणांची कंबर कापाकापी न करताच बरी होते. थोडं औषध, थोडं चालणं. दीड-दोन महिन्यांत आपोआप. पण तुमचा पंजा पडतोय. आता थांबायचं नाही."

दहातले नऊ आपोआप बरे होतात! मग माझ्या आंगणातले? जाऊ दे. आज मले तेवढा जीव नाई.

मोठा चिरा नाई. कंबरेच्या बाजूने पेन्सिलीएवढी नळी आत जाईल आन तीतून दुर्बीण. तेवढीच जागा सुन्न करणार, मी जागीच राहीन. मी म्हणलं, "जागी? माय वं!" ते हसले. मी विचारलं, "पाय वापस येईल?" तं हसणं थांबवून म्हणले, "दुखणं जाईल असं मला वाटतं. पायाचं वचन देत नाही. नस मोकळी करणं माझ्या हातात आहे, नस जागी होणं नाही."

वचन दिलं नाई म्हणूनच मले त्यांचा भरवसा वाटला. खर्चाले मच्छी सोसायटीने आन माझ्या भावाने हात दिला, त्याइचे उपकार कवा फेडीन ते देव जाणे.

इस्तारी पूर्ण वेळ उभाच. बाजूले रिकामी खुर्ची होती. डॉक्टर दोनदा म्हणले, बसा. म्हणे, "बरं हाये." खेडवळपणा करते नुसता, मले लाज वाटली.

२२ फेब्रुवारी

ऑपरेशनचा नंबर काल लागला, कालचं आज लिहून राह्यली. दवाखान्याच्या पलंगावर, आन आडवी नाई, बसून! महिन्याने बसली मी, माय.

काल मले पालथं टाकलं. मनात म्हणलं, पाहा, आज आपली पाळी. सिस्टर रुबीनाने माझा हात हातात घेतला. सुई टोचली, जागा जड झाली. डॉक्टर म्हणले, "आत गेल्यावर पायात करंट गेल्यासारखं झालं की लगेच ओरडायचं. तुम्ही सांगाल तेव्हाच मला कळेल की नस किती जवळ आहे. समजलं?" मी म्हणलं, "हाव."

आन थोड्या वेळाने गेला नं करंट! कंबरेपासून आंगठ्यापर्यंत वीज. आन मी काय केलं? दात आवळले, गुपचूप पडून राह्यली. तीस वर्षाचा नेम अंगात भिनलेला. वाटलं, दुखणं निघून राह्यलं आहे, आता तोंड उघडलं का वापस जाऊन बसेल. दुसऱ्यांदा गेला, तरी चूप.

रुबीना म्हणली, "डॉक्टर, थांबा. बाईंनी माझ्या हातात नखं रुतवली."

सारं थांबलं. डॉक्टरांचा आवाज बदलला. "दुखलं ना? पायात?"

मी मुंडी हलवली, नाई म्हणून.

"बाई, खोटं बोललात तर मी आत्ता नळी बाहेर काढीन. नसेला धक्का लागला तर हा पाय कायमचा जाईल. का बोलत नाही?"

मग मी सांगतलं. पालथ्या पालथ्याच. पायाळूचा नेम, बोललं तं दुखणं वापस येते, सारं. मले वाटलं आता हे हसतील. नाई हसले. म्हणले, "तुमच्या अंगणवाडीत एखादं पोर डोक्यावर पडलं आणि रडलंच नाही, तर?"

मी म्हणलं, "तं माझं पाणी पाणी होते. रडलं म्हणजे जीव आहे."

"मग रडा की. मला दिसत नाही तिथलं तुम्ही सांगायचं. बोलत राहा. काहीही बोला."

काय बोलू? तोंडात आला तो इस्तारी. जी सुरू झाली म्हणता! हा माणूस बोलत नाई, बायको पडली तं तलावावर जाणं सोडलं, खांबावानी बसते, चहात साखर विसरते, डॉक्टर बसा म्हणतात तं बसत नाई, आन मधातच "आं! गेला, गेला, आंगठ्यात गेला!" का लगेच डॉक्टरांचा हात थांबे. "शाबास. पुढे?" का पुन्हा इस्तारी. रुबीना हसून हसून लाल.

मग एका घडीले दोरी सुटली. तीच, मिरचीची. कोणी आतून गाठ सोडावी तशी. मी बोलताबोलता थांबली. डॉक्टर म्हणले, "काय झालं? करंट?" मी म्हणलं, "नाई. काईच नाई. काईच होऊन नाई राह्यलं, डॉक्टरसाहेब!" आन भोकाड पसरलं.

काढलेला तुकडा दाखवला. खेकडा फोडला का आत जसं पांढरं मांस निघते, तसंच. एवढ्याशाने एवढी मोठी बाई आडवी केली.

बाहेर इस्तारीने दाराआडून सारं ऐकलं. डोळे लाल. मी म्हणलं, "राग आला?" म्हणे, "नाई. तू वरडून राह्यली होती तंवर मले बरं वाटत होतं."

पंजा मात्र आज सकाळीही उचलला नाई. दुखणं गेलं, पाय आला नाई. पण आज मी कुरकुर करणार नाई. महिन्याने रात्रभर झोपली मी. त्या डॉक्टरांच्या हाताले, रुबीनाच्या हाताले, बाबूभाईच्या जीपले, साऱ्याइले माझा नमस्कार.

११ मार्च, रविवार

घरी आहे. मोहफुलं पडून राह्यली, बाया पहाटेच जंगलात जातात आन वापस येताना ओंजळभर माझ्या दारात टाकून जातात. पाय उचलला राहावा म्हणून प्लास्टिकची पट्टी दिली आहे, ती बुटात घालून घरातल्या घरात चालते. पाय फरफटते, पण चालते.

आज सुकलू कोण्या पाहुण्याले घेऊन आला. चमक भरली म्हणे, पाय लावा बाई. पाहुणा सांगायच्या आधीच पालथा पडला! मी म्हणलं, उठा. विचारलं, पाय बधिर होते का? चप्पल निसटते का? लघवीले अडचण? सारं नाई म्हणला. मग म्हणलं, गरम पाण्याने शेका, पडून राहू नका, चालत राहा. आराम पडला नाई तं डॉक्टरकडे जा, आन चप्पल निसटली तं त्याच दिवशी जा. पाहुणा म्हणे, "म्हंजे पाय नाई लावत?" नाई म्हणलं. सुकलूचं तोंड एवढंसं झालं.

ते गेल्यावर आंगण लय मोठं वाटलं. मान काय सोपा सुटते? पण आता माहीत असून कसा पाय लावू?

२ एप्रिल

नागपूरले तपासणीले गेलो. टाक्याची जागा चांगली भरली. पंजा अजून तसाच. डॉक्टर म्हणले, धीर धरा, नस हळूच जागी होते, व्यायाम सोडू नका.

आम्ही उठलो तं डॉक्टर एकदम म्हणले, "थांबा. तुम्ही. तुम्ही कधीपासून असे उठता?"

मले वाटलं मले म्हणून राह्यले. ते इस्तारीकडे पाहून राह्यले होते. हा आपला टेबल धरून उठत होता.

त्याले टेबलावर निजवलं, पाय उचलून पाह्यले, पंजे दाबून पाह्यले. नस ठीक आहे म्हणले, ऑपरेशनचं काई काम नाई, पाठीचे स्नायू आखडले आहेत, व्यायामाने सुटतील. "ओझं उचललं होतं का काही?"

इस्तारी मग माझ्याकडे न पाहाता म्हणते, "हिले न्हाणीत नेत होतो नं. तवापासून."

माय वं. तवापासून! जाळं टाकता येत नव्हतं म्हणून तलावावर जात नव्हता. वाकता येत नव्हतं म्हणून खांबावानी बसत होता. बसलं तं उठवत नव्हतं म्हणून खुर्चीवर बसत नव्हता. आन तशा पाठीवर मले रोज घेऊन जात होता. मी त्याले इथी या पानाइवर आळशी म्हणलं. टेबलावर पालथी पडून अख्ख्या दवाखान्याले ऐकू जाईल असं म्हणलं.

जीपमध्ये मी विचारलं, "बोलले काऊन नाई तुमी?"

म्हणे, "बोललो असतो तं तू पाय लावाले उठली असती."

आमच्या तालुक्याचं सिंदेवाही येईस्तोवर त्याचा हात धरून बसली. ड्रायव्हर पाहून राह्यला तं पाहू दे.

९ एप्रिल

सकाळी दोघंही चटईवर. डॉक्टरांनी दाखवलेले व्यायाम. हा कंबर उचलते, मी पंजा उचलायले पाहाते. त्याची कंबर उचलली जाते, माझा पंजा नाई. जया आली तं दारातच थांबली, म्हणे, "बाई, काय होऊन राह्यलं?" मी म्हणलं, "नवरा-बायकोची शाळा भरली आहे, मग ये."

हसलो आम्ही. त्याची कंबर सुटून राह्यली याचं समाधान आहे. पण ती गेल्यावर पायाकडे पाहून मी त्याले असं सुनावलं का विचारू नका. म्हणलं, तुले मान दिला गावाने, तीस वर्षं लोकाइच्या पाठीवर मिरवला, आन आता एवढंसं काम सांगतलं तं ऐकत नाई!

१७ जून

आंगठा हलला. कोणालेच सांगत नाई. उद्या हलला तं सांगीन.

१८ जून

हलला! इस्तारी जाळं विणून राह्यला होता, ते तसंच टाकून आला. चारदा हलवून दाखवला. तो आंगठ्याकडे पाहात मातीतच बसून राह्यला. म्हणे, "अजून एकदा."

२७ ऑगस्ट

आठ दिवस झाले, पट्टी काढून ठेवली आहे. पाय जड आहेच, पण चप्पल राह्यते. आज तालुक्याले मीटिंग होती, अंगणवाडीत जायले उशीर झाला.

मी बोअरिंगजवळ आली तं आत ही आरडाओरड. नवल वाटलं. मी वापस कामावर आली तवापासून पोराइचा कधी आवाजच नाई. मी दारात गेली का हात बांधून, रांगेत, गुपचूप. मी तं मुख्यसेविका मॅडमले ऐटीत सांगतलं होतं, माझी लेकरं लय शिस्तीची.

दारातून पाह्यलं. जया मागं खिचडी ढवळून राह्यली होती. मधात रिंकू, चार वर्षाची, अख्खी हातभर. एक हात कंबरेवर, उजवा पाय मागं घासत, खर्र-फट, खर्र-फट चालून राह्यली. आन बोलणं कसं? "ए! नाक कोण पुसल? म्या पुसू काय?" साऱ्या पोराइची हसून हसून मुरकुंडी.

मी उभीच. कोणी पाह्यलं नाई. मग एकाने पाह्यलं, मग साऱ्याइनं. धडाधड रांगेत बसले. रिंकू मधातच अडकली, पाय तसाच वाकडा. म्हणे, "बाई, तुमी तं वाजल्याच नाई!"

"काय?"

"तुमचा पाय वाजते नं रोज. बोअरिंगपासून आमाले आयकू येते. आज नाई वाजला."

मी खाली पाह्यलं. दारापासून फळ्यापर्यंत गेली. वापस आली. पुन्हा गेली. पोरं कान देऊन ऐकून राह्यली. काईच आवाज नाई. जया पळी घेऊन बाहेर आली, माझ्या पायाकडे पाह्यलं आन माझ्याआधी तीच रडायले लागली.

रिंकूले वाटलं आता मार पडते. मी तिले जवळ घेतलं, नाक पुसलं, म्हणलं, "पुन्हा चालून दाखव नं, बाई कशी चालते ते." तिने आधी माझ्या तोंडाकडे पाह्यलं, मग हात कंबरेवर ठेवला आन निघाली, खर्र-फट, खर्र-फट. सारी पोरं हसली. सगळ्यात जास्त मी हसली. तशी चालणारी बाई आता या पोरीच्या नकलेतच उरली, बाप्पा. राहू दे तिथीच.